मर्सीची हॅना कशी झाली

कार्डिफ
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सौ. रेखास अनेक आशीर्वाद.

हेळव्याच्या बैलाची घंटा आठवते का गं तुला? देवळातल्या घंटेसारखी ती घणघणत नसे. जड, सुस्त आवाज. दोन टोल, मग मोठी फट, कारण बैल म्हातारा होता आणि दोन पावलांवर उभा राहायचा. सुगी सरली की जतकडून यायचा तो. आधी घंटा, मग धुळीत शिंगं, मग बैलावर बसलेला हेळवी. अंगणात आला की खाली न उतरताच तो आपल्या कुळाची वंशावळ सुरू करायचा, आणि एरवी कुणापुढे न वाकणारे आबा उंबऱ्यात हात जोडून उभे राहायचे. त्याच्याकडून ऐकून मी सात पिढ्या पाठ केल्या होत्या, भुजंगप्रयातात बसवून. एक पणजोबा काही केल्या वृत्तात बसेना, तर मी त्याचं नावच आखूड केलं आणि आबांचा मार खाल्ला.

काल मिल्टन कीन्सच्या लायब्ररीत मायराने लॅपटॉपवर नावांचं झाड उघडलं आणि ती घंटा अशी ऐकू आली की मी मान वळवून मागे पाहिलं. मागे एक बाई पुस्तकं परत करत होती.

नीट पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणशील दादा नेहमी मधूनच सुरू करतो. तुझे कान गेल्यापासून पत्र हाच आपला फोन, आणि व्हॉट्सॅपवर तू नुसता अंगठा पाठवतेस.

आमचा यतीन आणि कॅथरिन वेगळे झाले त्याला चार वर्षं झाली. यतीन सिंगापूरला, मायरा आईकडे. कॅथरिनची आई डोरोथी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सला. तिच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की त्यांचा मूळपुरुष विल्यम थॉर्न १६३५ साली सफोकमधल्या एका खेड्यातून जहाजात बसून तिकडे गेला, जंगल तोडून वस्ती केली त्यांतला. अशा पहिल्या लोकांच्या वंशजांची एक सोसायटी आहे. तिच्यात शिरायचं तर प्रत्येक पिढीचा कागद लागतो. एकूण तेरा पायऱ्या. डोरोथीला इंग्लंडात शोधणारं कुणीतरी हवं होतं. मायरा म्हणाली, मी करते, पण आजोबा बरोबर हवेत. म्हणून महिन्यातला एक शनिवार मला मिळाला. दोन गाड्या बदलून जातो. रेखा, खोटं कशाला बोलू, विल्यम थॉर्नशी मला काय घेणंदेणं? मला शनिवार हवा असतो.

तर बारा पायऱ्या जुळल्या होत्या, एक अडलेली. विल्यमची मुलगी मर्सी. १६४६ ला तिचं सॅम्युअल हेलशी लग्न झालं, नोंद आहे. १६५१ ला सॅम्युअल हेलला जोसेफ झाला, त्याचीही नोंद आहे. जोसेफपासून थेट डोरोथीपर्यंत रांग सरळ. पण जोसेफच्या आईचं नाव लिहिलंय हॅना! तीन महिने मायरा आणि मी या हॅनापाशी बसून होतो. काल माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अगं, लग्नात नाव बदललं! तू माहेरची रेखा, सासरी सुप्रभा झालीस, तशी मर्सीची हॅना झाली. हल्ली इंग्रज असं करत नाहीत, मान्य. पण चारशे वर्षांपूर्वी जग सगळीकडे सारखंच होतं, शेती, विहीर, सासू.

मायराने विचारलं, "आजोबा, नक्की? पक्की?" मी म्हटलं, तुझ्या हॅरोच्या आजीला विचार, ती जिवंत पुरावा आहे. ती माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली आणि मग तिने टाइप केलं.

मर्सीवर ओवीही जुळवली: "सोडुनिया गाव मर्सी, चढे जहाजाची शिडी, मागे राहिली विहीर, मागे बोरांची झाडी." सफोकमध्ये बोरं नसतात हे मला ठाऊक आहे.

रघुवीररावांना नमस्कार.

तुझा दादा


हॅरो
१८ फेब्रुवारी

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणजे मोठ्यानेच वाचलं असणार, मला काय कळतंय! हे म्हणाले, तुझ्या भावाला सांग, बोरं काढ आणि ब्लॅकबेरी घाल.

जिवंत पुरावा काय रे? मेलेला पुरावा व्हायला मला फार वेळ नाही, त्र्याहत्तर चालू आहे. पण खरं सांगते, वाचून बरं वाटलं. इतक्या वर्षांपूर्वीची ती पोर, कुठली कुठे नांदायला गेली आणि तिथे तिचं नावही काढून घेतलं. वाईटही वाटलं. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात यांनी अंगठीने "सुप्रभा" लिहिलं तेव्हा मी मान खाली घालून उलटं वाचत होते. ते नाव मला आधी कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. तू कानपिळ्याला यांचा कान असा पिळलास की दोन दिवस लाल होता, पण नावाच्या वेळी गप्प बसलास. पाकिटावर मात्र अजून "रेखा" लिहितोस. प्रणय परवा सुनेला म्हणत होता, रेखा कोण, आईचं काही लफडं आहे का.

एक विचारते. मर्सीची हॅना झाली ही नोंद तू डोळ्यांनी पाहिलीस ना? का तुझं आपलं नेहमीचं, वृत्तात बसलं म्हणून खरं?

मायराला एकदा माझ्याकडे पाठव. मिल्टन कीन्सहून गाडी थेट हॅरोला येते. तिला म्हणावं पाटी-पेन्सिल घेऊन ये, म्हणजे बोलता येईल.

तुझी
सुप्रभा


कार्डिफ
१० मार्च

सौ. रेखास आशीर्वाद.

नोंद पाहिली का विचारतेस? नोंद कशाला हवी, तुझ्या लग्नाची नोंद कुठे आहे? तांदूळ तर त्याच संध्याकाळी भातात गेले.

आणि आता ऐक. "मर्सी, लग्नानंतरची हॅना" असं लिहून, खाली माझी सही करून मायराने सगळं डोरोथीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी डोरोथीचं उत्तर! ती रडली म्हणे. तिचे वडील आयुष्यभर हीच एक पायरी शोधत होते. जुलैत ती सगळ्या कुळाला बोलावते आहे, साठ-सत्तर माणसं, आणि तेरा नावं मायरा उभी राहून वाचणार. तिकीट काढलंसुद्धा. "प्रिय पद्माकर, तुम्ही आम्हाला आमचं घर परत दिलंत" असं लिहिलंय. मी ते पत्र स्वयंपाकघरात, जिन्यात, बागेत असं तीन ठिकाणी वाचलं. एका जागी बसवेना.

परवाच्या शनिवारी कॅथरिनने मला घरात बोलावून चहा दिला. चार वर्षांत पहिल्यांदा! एरवी मी फाटकाशी उभा आणि मायरा बाहेर येणार. साखर किती विचारायला मात्र ती विसरली नाही, म्हणजे तिच्या लक्षात नव्हतं. मी एक म्हटलं, खरं तर दोन लागते.

मायराकडून पायऱ्या ओवीत पाठ करून घेतो आहे. "ही माणूस कधी मेली" असं म्हणते, पण चाल बिनचूक धरते. मधेच थांबते मात्र. हॅनाचं नाव आलं की थांबते. श्वास पुरत नसेल.

तुझा दादा


हॅरो
२ एप्रिल

ती. दादास नमस्कार.

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

बुधवारी आमचा ओठ वाचायचा क्लास असतो, आम्ही नऊ बहिऱ्या बाया आणि एक आजोबा. शिकवणारी म्हणाली, प्रत्येकीने एक गोष्ट सांगा, बाकीच्यांनी ओठांवरून ओळखा. मी मर्सीची सांगितली. सगळ्यांना वाटलं आपण चुकीचं वाचतोय. परत सांगितली. मग मार्गारेट म्हणाली, माझी आजी, पणजी, खापरपणजी, सगळ्यांची आडनावं बदलली, पण नावाला कोण हात लावणार? डोरीन म्हणून एक आहे, तीन लग्नं झालेली. ती म्हणाली, मी तीन वेळा बँकेला पत्र लिहिलं, पण डोरीन ती डोरीनच.

मी म्हटलं, अहो, जुन्या काळचं बोलतेय मी. तर कोपऱ्यात एक विनिफ्रेड बसते, फारसं बोलत नाही. तिने तीस वर्षं आपल्या चर्चची जुनी दफ्तरं लावली. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "तेव्हाही नाही. नवरा तोच आणि बायकोचं नाव वेगळं दिसलं, की आम्ही पहिली कुठे पुरली आहे ते शोधतो."

दादा, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचे तरी ओठ अगदी स्वच्छ वाचता आले.

मर्सी मर्सी म्हणूनच गेली असणार. आणि हॅना दुसरीच कुणीतरी. आपण दोघींना एका तांदळाच्या ताटात घातलं. आपण म्हणते, कारण मीही हुरळले होते. जुलैच्या आत काय ते बघ. पोर सत्तर माणसांपुढे उभी राहणार आहे.

तुझी
सुप्रभा


कार्डिफ
२० एप्रिल

सौ. रेखास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला अठरा दिवस उत्तर दिलं नाही. आधी रागावलो होतो. मग विनिफ्रेडला खोटं पाडायचं म्हणून ईस्टरच्या आधी एकटाच सफोकला जाऊन आलो. मायरालाही सांगितलं नाही.

रेकॉर्ड ऑफिसात मऊ उशीवर कागद ठेवून देतात, बाळाला द्यावं तसं. विल्यमचा एक भाऊ मागे गावातच राहिला होता, त्याचं मृत्युपत्र मागितलं. १६४९ सालचं. अक्षर असं की मुंग्या मरून पडल्यात. तिथल्या मुलीने माझ्यासाठी वाचलं, बोट न लावता, ओळीच्या वर हवेत बोट फिरवत. भांडी कुणाला, कोट कुणाला, मधमाश्यांची पोळी कुणाला. आणि मग, "माझी पुतणी मर्सी, सॅम्युअल हेलची बायको, जी न्यू इंग्लंडात लेकरू न होता वारली, तिच्यासाठी राखून ठेवलेली गोधडी तिच्या धाकट्या बहिणीला द्यावी."

मी त्या मुलीला पुन्हा वाचायला सांगितलं. तिने वाचलं. मी तिसऱ्यांदा सांगणार होतो, पण तिच्या चेहऱ्यावर माझी दया दिसली, म्हणून उठलो.

म्हणजे मर्सी १६४९ च्या आतच गेली. जोसेफ १६५१ चा, हॅनाचा. डोरोथी, कॅथरिन, माझी मायरा, सगळ्या त्या हॅनाच्या. आणि हॅना कोण ते कुणाला ठाऊक नाही. विल्यम थॉर्नचा आणि त्यांचा सुतराम संबंध नाही.

डोरोथीला वाटलं, मी नोंद पाहूनच लिहिलं. मला वाटलं, नोंदीची गरजच काय. माझ्या सहीवर तिने सत्तर माणसं बोलावली.

आता काय करू सांग. हे कळवलं तर तो एक कप चहा गेला, जुलै गेला, आणि शनिवार गेले. कॅथरिन म्हणेल, या घरातल्या पुरुषांच्या शब्दावर विश्वास ठेवून मी दुसऱ्यांदा फसले. चूक नाही तिची. आणि नाही कळवलं तर? विल्यमला मरून साडेतीनशे वर्षं झाली, तो थोडाच येतोय तक्रार करायला. असं मनाशी म्हणतो आणि खाडीपर्यंत चालत जातो, परत येतो. दिवसातून दोनदा. शेजारी विचारतात, कुत्रा घेतलात का?

दादा


हॅरो
२४ एप्रिल

दादा,

तू मला विचारत नाहीयेस. माझ्याकडून परवानगी मागतोयस. मी देणार नाही.

नावाच्या वेळी एकदा गप्प बसलास, तेवढं पुरे. कळव.

हे म्हणतात दटावू नकोस, तो थकलाय. मी दटावतेय.

सुप्रभा


कार्डिफ
१८ मे

सौ. रेखास,

कळवलं. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला. दोन पत्रं लिहिली, एक डोरोथीला, एक कॅथरिनला, दोन्हींत मृत्युपत्राची प्रत घातली. चूक माझी, मायराचा काही दोष नाही, आमच्याकडे अशी रीत आहे आणि मी ती तुमच्या माणसांवर लादली, असं सरळ लिहिलं. एकही उपमा दिली नाही.

डोरोथीकडून एक ओळ आली. "तुमचं पत्र मिळालं." कॅथरिनचा टेक्स्ट, मायराला परीक्षेचा अभ्यास आहे, हा शनिवार जमणार नाही. पुढचाही कठीण आहे. मायराला मी मेसेज केला, तर तिने फक्त एक लाल बदाम पाठवला. तुझा अंगठा बरा गं, निदान अंगठ्याचा अर्थ कळतो.

काल शनिवार होता. मी सहाला उठून दाढी केली, डबा भरला, स्टेशनवर गेलो. माझी गाडी आली, दारं उघडली, बंद झाली. डबा तिथेच बाकावर खाल्ला आणि परत आलो. घरात घड्याळाचा आवाज सहन होत नाही म्हणून सेल काढून ठेवला, आता किती वाजले कळत नाही म्हणून आणखी येरझाऱ्या.

चौथीतली एक कविता परवा आठवत होतो, तीन कडवी आली, चौथं येईना. असं कधी झालं नव्हतं.

तू दटावलंस ते बरोबर होतं. तरी जरा राग आहे तुझ्यावर. जाईल.

दादा


हॅरो
२८ मे

ती. दादास नमस्कार.

काल दुपारी बेल वाजली म्हणजे दिवा लागला, दार उघडलं तर मायरा. हाफ टर्मची सुट्टी आहे ना. एवढी उंच झालीये, मी तिला कुरिअरवाली समजले. पाटी-पेन्सिल घेऊन आली होती! खरी पाटी, कुठल्या तरी चॅरिटी शॉपमधली.

तिने मला शपथ घातली होती की आजोबांना सांगू नको. रात्रभर पाळली. आता मोडते.

दादा, तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. इंटरनेटवर कुणाच्या तरी झाडात सॅम्युअलच्या दोन बायका तिने पाहिल्या होत्या, फेब्रुवारीतच. मी पाटीवर लिहिलं, मग बोलली का नाहीस? तिने लिहिलं, मराठीत, माझ्यासाठी, ते जसंच्या तसं उतरवते: "आजोबा खूप खुश झाली. आणि मग काम संपला असता तर शनिवार पण संपला असता." मग ते पुसलं आणि लिहिलं, "मी पण खोटी." मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण ती पाटी मधे होती.

तुझ्या पत्रानंतर तिने आईला आणि डोरोथीला हे सगळं सांगून टाकलं, की दोष एकट्या आजोबांचा नाही. त्यावर घरात काय झालं ते तिने लिहिलं नाही. अभ्यास आहे हे मात्र खोटं. आईनेच म्हटलंय, काही दिवस थांब.

आणखी एक. तिने हॅनाला शोधलंय थोडंसं. अमेरिकेतल्या कुठल्याशा जुन्या कोर्टाच्या वहीत तिचं नाव सापडलं. लग्नाआधी सॅम्युअलच्याच घरची मोलकरीण, ब्रिस्टलहून आलेली, आडनाव लिहिलेलंच नाही. प्रार्थना चालू असताना हसली म्हणून तिला सगळ्या गावापुढे उभं केलं होतं. मायराने हे लिहिलं आणि आम्ही दोघीही हसलो. यांनी आतून येऊन विचारलं, काय झालं.

ती जाताना मला "रेखाआजी" म्हणाली. ओठांवरून कळलं.

तुझी
सुप्रभा


कार्डिफ
रविवार, १ जून

सौ. रेखास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तेव्हापासून खिशात आहे. म्हणजे ती नावं म्हणताना हॅनापाशी थांबायची, तो श्वास नव्हता. मी शेजारी बसून वृत्त मोजत होतो आणि पंधरा वर्षांची पोर एवढं ओझं घेऊन ताल धरत होती. तिचा मास्तर म्हणवून घ्यायची लाज वाटते. आणि त्याच्या खाली, अगदी खाली, एक आनंदही आहे, तो कुणाला सांगू नकोस.

मी ठरवलंय, कॅथरिनला लिहायचं की शनिवार माझ्यासाठी मागत नाही, पण पोरीला अबोल्यात ठेवू नका. आज सकाळपासून त्या पत्राची पहिली ओळ जुळवतोय. अकरा कागद झाले. "प्रिय कॅथरिन" च्या पुढे

बेल वाजली. बघून येतो. रविवारी कोण आलंय, धर्मप्रचारक असणार.

रेखा, हे उभ्याने लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. दार उघडलं तर पायरीवर एक ठेंगणी म्हातारी, पांढरे बूट, अंगात पिवळा रेनकोट, बाजूला सूटकेस. यतीनच्या लग्नाच्या फोटोत तिला पाहिलेलं, तरी ओळखायला वेळ लागला. डोरोथी. अमेरिकेहून थेट. रस्त्यात कॅथरिनची गाडी लावायला जागा शोधत मागेपुढे होत होती, आणि खिडकीतून मायराचा हात बाहेर आलेला, नुसता हालत होता.

मी "या" म्हणायचं विसरलो. "आय ॲम सॉरी" एवढंच तोंडातून आलं, तेही तीनदा.

तिने हात वर करून मला थांबवलं. म्हणाली, "मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे, मिस्टर पद्माकर. जुलैला सत्तर माणसं येतायत आणि मला त्यांना सांगायचंय की आपण एका हसऱ्या मोलकरणीची मुलं आहोत. ती कोण होती ते मला कळलं पाहिजे. मायरा म्हणते, तुम्ही नसाल तर ती शोधणार नाही. आता आधी सांगा, इथून ब्रिस्टल किती लांब आहे?"